पोह्यांचा वेढा

सासुरवाडी मालवणची आहे म्हटलं की सोलापुरातली माणसं माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. “मजा आहे बुवा तुमची! समुद्र काय, मासे काय, शहाळी काय!” असं म्हणून एक उसासा टाकतात. यांच्यापैकी एकानेही जावई म्हणून तिकडे नरक चतुर्दशी काढलेली नाही. मालवणात तिला चावदिवस म्हणतात. त्या दिवशी आमच्या सासरी मासळीचं नावही निघत नाही, समुद्र लांबून दिसतो आणि नारळ येतो तो खवून, पोह्यांवर.

विषय पोह्यांचाच आहे. पण तिथवर पोचायला फोंडा घाट उतरावा लागतो, तेव्हा जरा दमानं.

कोल्हापूर, राधानगरी करत आम्ही घाटात शिरतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर धाकट्याला उलटी होते. ती झाली की प्रवास सुरळीत चालू आहे असं समजायचं. घाट संपला की उसाची जागा भात घेतं. पिवळीधमक खाचरं, मधूनच एखादं कापून मोकळं झालेलं, बांधावर पेंढ्या मांडलेल्या. “आमचं भात बघ कसं आलंय!” बायको काच खाली करते. तिचं भात अजून दीडेक तासाच्या अंतरावर असतं, पण घाट उतरल्यावर दिसणारं यच्चयावत भात तिचंच, यावर मी वाद घालत नाही. खिडकी तिच्या बाजूची आहे.

आमच्या ज्वारीची सुगी कशी निवांत! हुरड्याला पाहुणे बोलवावेत, वेळामावस्येला शेतात आंबील-भज्जी खाऊन कडब्याच्या कोपीत आडवं व्हावं. कोकणात मात्र भात पिकायची आणि परतीचा पाऊस यायची वेळ एकच. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापून होतं, गरवं दिवाळी उलटली तरी उभं असतं, आणि मधल्या दिवसांत आभाळात पुसटसा ढग दिसला तरी अख्खी वाडी ताडपत्र्या घेऊन खळ्याकडे धावते. सासरे, म्हणजे आप्पा, एक डोळा आभाळावर आणि दुसरा मोबाइलमधल्या हवामानावर ठेवून असतात. विश्वास दोघांवरही नाही.

दारावर कोजागरीला बांधलेलं नवं अजून लटकत होतं. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं तुरेदार फूल, झेंडू आणि आंब्याचं पान यांची ती जुडी. दाराला बांधतात, देव्हाऱ्याला बांधतात, विहिरीला, माडाला, नांगराला आणि हल्ली मोटरसायकललाही बांधतात. आमची गाडी कोजागरीला सोलापुरात होती म्हणून सासूबाईंनी तिच्या वाटणीचं नवं जपून ठेवलं होतं. उतरल्या उतरल्या त्यांनी ते पुढच्या जाळीला बांधलं, गाडीला हळद-कुंकू वाहिलं आणि आम्ही हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत शेजारच्या बोकडाने ते मुळासकट खाल्लं. आप्पा म्हणाले, “बरा झाला, नव्या भातावर पयलो मान जनावराचो.” माझ्या कुठल्याही नुकसानीवर आप्पांकडे असं एखादं शास्त्र तयार असतं.

सुगीच्या दिवसांत आयतं बसून खाणं बरं दिसत नाही म्हणून मी कापणीला येतो म्हटलं. मला विळा दिला. मेहुण्याने फोटो काढला. मग विळा परत घेतला आणि खळ्यात वाळत घातलेल्या भातावर कोंबड्या येऊ न देण्याचं काम सोपवलं. बी. कॉम. झालेल्या माणसाला जमावं असं काम. पण त्या कोंबड्यांना माझं मूळ गाव कळलं असावं. मी काठी आपटली की त्या मान वाकडी करून बघत आणि पुन्हा चोची चालवत. शेवटी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून नुसतं “हाऽऽड!” म्हटलं आणि सगळ्या पांगल्या. मीही दोन पावलं मागे सरलो.

आता चावदिवस.

पहाटे अंधारात उठवतात. तेल, उटणं, कढत पाणी, इथपर्यंत सगळा महाराष्ट्र एक आहे. त्यानंतर ओलेत्या केसांनी तुळशीपाशी जायचं आणि तिथे ठेवलेलं कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. कारीट म्हणजे अंगठ्याएवढं, हिरव्या पट्ट्यांचं, कुंपणावर उगवणारं एक रानफळ. तो नरकासुर. फोडताना “गोविंदा, गोविंदा!” अशी आरोळी द्यायची आणि त्यातला कण जिभेला लावायचा. कारल्याला ज्याच्यासमोर गोड म्हणावं इतकी ती कडू चव. मेंदूपर्यंत जाते. माझ्या मते ही पूर्वजांची योजना आहे. तोंड एवढं कडू झालेला माणूस समोर येईल ते खातो, आणि समोर येतात पोहे.

हे पोहे म्हणजे आपले पिशवीतले पांढरे, पातळ पोहे नव्हेत. नव्या भाताचे, लालसर, जाडे, गावठी. भात भिजत घालायचं, निथळून खापरात भाजायचं आणि गरम असतानाच व्हायनात कांडायचं. आता बहुतेक घरं भात गिरणीत नेतात, पण सासूबाई थोडे तरी घरी कांडतात. मुसळाचा आवाज मी झोपेत ऐकला होता आणि शेजारी बांधकाम चाललंय असं समजून कूस बदलली होती.

ताटात काय काय होतं ते सांगतो. गूळ-खोबऱ्यातले पोहे. नारळाच्या रसातले पोहे. दुधातले पोहे. दह्यातले पोहे, वरून मिरचीची फोडणी. बटाट्याचे तिखट पोहे. आणि सोबतीला काळ्या वाटाण्याचं सांबार, ज्यासाठी खरं तर मी घाट उतरून पायीही येईन. चव म्हणाल तर तक्रारीला तसूभर जागा नाही. तांबूस पोह्यावर पांढरंशुभ्र ओलं खोबरं, मध्येच न विरघळलेला गुळाचा खडा, वेलचीचा वास. जाडा पोहा दाताखाली येतो तेव्हा त्याला भाताचा स्वतःचा असा एक वास असतो. फक्त एकच गोष्ट कुणी आधी सांगत नाही. हा पोहा पोटात गेल्यावर फुगतो. सावकाश, खात्रीने, दोन-तीन तास.

आणि ही झाली घरची बैठक. त्यानंतर वाडीत फिरायचं असतं.

चावदिवसाला एकमेकांच्या घरी पोहे खायला जायचं, हा रिवाज. घरं आपली, माणसं आपली, त्यामुळे एकाही घराला वगळून पुढे जाता येत नाही. वगळलं तर ते पुढच्या गणपतीपर्यंत लक्षात राहतं. घरच्या मंडळींनी यावर आपापले उपाय शोधलेले आहेत. आप्पा शिरतानाच विषय काढतात, यंदा किती मण झाला, पावसान खाल्लान काय, आणि बोलता बोलता आपली बशी माझ्याकडे सरकवतात. मेहुणा मुंबईचा चाकरमानी. त्याला प्रत्येक घराच्या पायरीवर ऑफिसचा फोन येतो. दिवाळीत, सकाळी सातला. बायको माहेरची लेक. तिला आग्रह नाही, ती थेट चुलीपाशी जाऊन गप्पा मारते. मुलं परसात पळतात. उरतो मी, ओसरीवर, खुर्चीत. जावयाला खुर्ची देतात ती मान म्हणून, असं मला लग्नानंतर काही वर्षं वाटत होतं. खुर्चीतून पटकन उठता येत नाही, हे तिचं खरं काम.

“इलास? बसा बसा. फोव हाडतंय.”

“काकी, आत्ताच खाऊन आलोय.”

“ता तुमच्या घरचा. आमचे खय खाल्लास? वायचशे घेवा.”

काकींनी आणलेल्या बशीत चमचा उभा राहत होता, कुणीही न धरता. मी खायला लागलो. काकी समोर उभ्या राहून बघत होत्या. कोकणातली म्हातारी माणसं समोर उभी राहून बघतात, हा आग्रहातला सगळ्यात भारी प्रकार. तोंडाने “घ्या घ्या” म्हणणाऱ्याला “नको नको” म्हणता येतं. नुसतं बघणाऱ्याला काय म्हणणार? अर्धी बशी संपली तशा त्या आत गेल्या. मला वाटलं सुटलो. त्या पातेलं घेऊन बाहेर आल्या.

पुढच्या घरी मी पोटावर हात ठेवून आजारी चेहरा केला. तिथल्या आजींनी विचारलं, “कितें, पोटात दुखता? मगे दह्यातले खावा, थंड असतत.” त्याच्या पुढच्या घरी मी मधुमेहाची धास्ती बोलून दाखवली, तर गुळाचे काढून घेऊन तिखट दुप्पट वाढले. त्यांच्या पलीकडचे काका निवृत्त शिक्षक. त्यांच्याशी मी मोकळेपणाने बोललो. शिकलेल्या माणसाला पटेल अशा भाषेत, जठराची क्षमता वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तकडे खाल्लास, मगे आमच्याकडे नको कशाक?” या प्रश्नाला उत्तर नाही.

पूर्वी इथे भात पेंढ्यात घालून, वरून पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळून त्याची मुडी बांधत. वाडी फिरून घरी आलो तेव्हा मी ती मुडी झालो होतो.

ओटीवर आडवा होतो न होतो तोच मेहुण्याने जाहीर केलं, “चला, आज किल्ल्यावर जाऊया. पाहुण्यांना फिरवायला नको?” त्याचे ऑफिसचे फोन एव्हाना थांबले होते. एरवी मी नाही म्हटलं असतं. पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सिंधुदुर्ग समुद्रात आहे. चारी बाजूंनी पाणी. तिथे काकी नाहीत. मी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसलो.

सगळ्यांच्या आधी बसून उपयोग नसतो हे कुटुंबासोबत सहलीला गेलेल्यांना ठाऊक आहे. कुणाची चप्पल सापडेना, कुणाला ऐन वेळी साडी बदलावीशी वाटली, सासूबाईंना गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघावंसं वाटलं. आप्पांनी भातावर ताडपत्री टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले, गाडीत बसले, आभाळाकडे बघून पुन्हा उतरले आणि पाचवा दगड ठेवला. निघेपर्यंत ऊन डोक्यावर. ऑक्टोबरातलं मालवणचं ऊन म्हणजे वरून कढत आणि आतून दमट, मोदकाला उकडताना काय वाटत असेल ते कळतं.

धक्क्यावर दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आहे, तेव्हापासून रांगेतला प्रत्येक माणूस मागच्याला ही बातमी नव्याने सांगतो. तिकीट काढलं, नारिंगी जाकिटं चढवली. माझ्या जाकिटाचा पट्टा पुढे लागेना. होडीवाल्याने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता म्हणाला, “चावदिवस.” मग पट्टा सैल करून दिला.

होडी हलायला लागली आणि पोटात सगळे प्रकार एकत्र झाले. तरीही, किनारा मागे पडताना मला फार बरं वाटत होतं. समोर कुरटे बेटावर तटबंदी वाढत चालली होती. 25 नोव्हेंबर 1664 रोजी महाराजांनी पायाभरणी केली आणि तीनेक वर्षांत हा किल्ला उभा राहिला. तट सुमारे तीन किलोमीटर, वळणावळणाचा. दरवाजा असा दडवलेला की होडी पार जवळ जाईपर्यंत तो आहे हेच कळत नाही. शत्रूने आत यायचं कसं, हा विचार मी पहिल्यांदाच इतक्या जिव्हाळ्याने केला. ज्याने हा दरवाजा आखला त्याला आग्रह म्हणजे काय ते नक्की माहीत होतं.

“तासाभरात परत या. उशीर केलात तर थांबूचंय नाय,” होडीवाल्याने बजावलं.

आत जरीमरीला नमस्कार केला, शिवराजेश्वराच्या मंदिरात गेलो. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं हे मंदिर आणि आतली महाराजांची मूर्ती बघताना धाकटासुद्धा गप्प उभा राहिला, म्हणजे बघा. मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूकडे खारं पाणी आणि या विहिरींना गोडं. सासूबाई म्हणाल्या, देवाची करणी. मला नावं ऐकूनच धसका बसला. दूध, साखर, दही, आता फक्त पोहेबाव तेवढी राहिली.

तटावर वारा होता. मी एका माडाच्या सावलीत बसलो, जाकिटाचा पट्टा सोडला, आणि डोळे मिटणार एवढ्यात आप्पांची हाक ऐकू आली. ते एका घराच्या अंगणात उभे होते.

किल्ल्यात घरं आहेत. माणसांची, नांदती. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारी. अर्थात हे मी वाचलेलं होतं, पण त्यांनाही चावदिवस असतो इथवर माझं वाचन गेलं नव्हतं. घरधनी आप्पांच्या शाळेतले सोबती निघाले. दारावर नवं लटकलेलं. तुळशीपाशी फुटलेलं कारीट. आणि अंगणात, कुणीतरी आतून आणून ठेवलेली, एक खुर्ची.

“जावय काय हे? बसा, बसा!”

मी घड्याळ दाखवलं. होडी सुटेल म्हटलं. घरातल्या बाई हसल्या. “होडी काय पळान जाता? वर्साचो सण आसा. वायचशे खावा.”

रसातले होते. मी तट बघितला. उडी मारण्याजोगा नाही, फार उंच. मेहुण्याला फोन आला, पण किल्ल्यात रेंज नाही हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्यालाही बशी मिळाली. ते बघून मला जे समाधान झालं त्याच्यावर मी दोन घास उतरवले. इतक्यात दरवाजाकडून होडीवाला तणतणत आला. “काय ओ आप्पानू, टायम झालो! खाली माणसां खोळांबली हत, भरती...”

मला तो त्या क्षणी साक्षात गोविंदा वाटला. मी बशी खाली ठेवून उठलोसुद्धा.

“अरे, तू काय!” आतून बाईंचा आवाज आला. “सकाळधरून खय होतंस? ये, बस. तुझे काढून ठेवलंय.”

होडीवाल्याने एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा आत बघितलं, पायातल्या चपला काढल्या आणि मी रिकामी केलेल्या खुर्चीत बसला.