पाचव्या 'का'ला मीच सापडलो

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, चौदा माणसं, पत्र्याचं शेड, आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होतं ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. बुटीबोरीच्या कस्टमरकडून साठ ब्रॅकेट परत आले, होल एक एमएम सरकलेले, बोल्टच बसून नव्हता राहिला. मी शॉपवर गेलो आणि सगळ्यांदेखत ड्रिलवाल्या भाऊंवर ओरडलो. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस. ते काहीच बोलले नाहीत, कापडाला हात पुसले, जिग, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी धरणारा साचा, खोलली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. त्यातला बुश, ज्या नळीतून ड्रिल खाली जाते ती, झिजून लांबट झाला होता, ड्रिल आत घातला की डुगडुग हलायचा.

त्या रात्री झोप नाही लागली. टोयोटाच्या ताइची ओनोंची ती पाच वेळा 'का' विचारायची पद्धत मी ट्रेनिंगमध्ये दोनदा शिकलोय, पण खरी वापरली ती त्या रात्री. होल का सरकला, तर बुश झिजला. बदलला का नाही, तर कोणी सांगितलंच नाही. भाऊंना तर माहीत होतं, मग का नाही सांगितलं, तर दिवाळीच्या आधी एक पोरगा मशीन थांबवून काहीतरी सांगायला आला होता तेव्हा मी त्याला म्हटलं होतं आधी डिस्पॅच काढ बाकी मग पाहू. असं का म्हटलं? कारण रोज सकाळी मी एकच विचारतो, माल कधी निघेल. आणि तेच का विचारतो, तर मला महिन्याच्या शेवटापलीकडचं दिसतच नाही.

म्हणून मला मनापासून वाटते की टीम सुधारायची असेल तर सुरुवात साहेबापासूनच व्हायला पाहिजे, आणि ती दोनचार महिन्यांत होत नाही. मी आधी जिथे नोकरीला होतो तिथे भिंतीवर कायझेनचा, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा करायच्या जपानी पद्धतीचा, मोठा बोर्ड होता, ऑडिट आलं की आदल्या रात्री आम्ही बसून त्यावर सूचना लिहायचो, निरनिराळ्या पेनांनी. फार वाईट वाटायचं. चांगली, डोकं असलेली माणसं होती ती, त्यांना कोणी खरं विचारलंच नाही.

आपली माणसंच तशी, असं म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची गोष्ट पाहावी. जनरल मोटर्सनं तिथला कारखाना 1982 मध्ये बंद केला, कामगार दारू पिऊन येतात, दांड्या मारतात म्हणून बदनाम. 1984 मध्ये टोयोटासोबत भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला, बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच, आणि थोड्याच काळात तिथून चांगल्या गाड्या निघायला लागल्या. काय बदललं? लाइनवरच्या कोणालाही दोरी ओढून मदत मागायची मोकळीक मिळाली, दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा, आणि वेळेत नाही सुटलं तर लाइन थांबायची. जनरल मोटर्सला हे आपल्या बाकी कारखान्यांत न्यायला मात्र कित्येक वर्षं लागली, कारण दोरी कुठेही बांधता येते हो, पण ओढल्यावर धावत येणारा साहेब कुठून आणणार.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर भाऊंची माफी मागितली. तेव्हापासून रोज सकाळी आठला मशीन सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं उभ्यानंच बसतो म्हणा, आणि पहिले मी सांगतो काल माझं काय चुकलं. पहिले तीन महिने बाकी कोणी तोंड उघडलं नाही, खाली पाहून उभे राहायचे. मला लय वाटायचं की सोडून द्यावं. चौथ्या महिन्यात भाऊच बोलले, साहेब, कूलंट, ते ड्रिल थंड ठेवायचं पाणी, मी पातळ करून राहिलो होतो, त्यानं ड्रिल लवकर खराब होते. बस, एवढंच एक वाक्य. त्या दिवशी बाहेर टपरीवर सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले.

रिजेक्शन संपलं का, तर नाही, कमी झालं आहे. मी अजूनही कधी कधी ओरडतो, मग सकाळी ते पण सांगतो.

काल नवीन पोरानं, लागून जेमतेम पंधरा दिवस झालेत त्याला, मशीन बंद केली आणि मला हाक मारली. ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. गेलो. मशीनवर लावलेल्या तुकड्याखाली एक चिप, लोखंडाचा कीस, अडकली होती, एवढीशी, ब्रशनं झाडली की झालं. तो घाबरून म्हणे, साहेब, एवढ्यासाठी थांबवली मी. मी म्हटलं, बरं केलं. ब्रश त्याच्या हातात दिला आणि तो झाडेपर्यंत तिथंच उभा राहिलो.