फ्रॉस्ट साहेबांबद्दल अजून थोडं

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश पॅराशूट बटालियनचे अधिकारी जॉन फ्रॉस्ट यांच्यावरचा लेख मस्त झालाय, पण त्यांचा जन्म पुण्यातला, १९१२ चा, हे लिहायचं कसं काय राहिलं? आणि सगळा भर नेदरलँड्समधल्या आर्न्हेमच्या पुलावरच्या १९४४ च्या लढाईवरच दिलाय, ब्रुनेव्हालचा छापा दोन ओळीत उरकलाय राव. फेब्रुवारी १९४२, फ्रान्सचा किनारा, बर्फ पडलेला, रात्री जेमतेम १२० माणसं घेऊन उडी मारायची, जर्मन रडारचे पार्ट खोलून घ्यायचे आणि समुद्रावरून बोटीने पसार व्हायचं, आणि हे जमवलं त्यांनी!! मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक त्यांना या छाप्याबद्दलच मिळालं.

आर्न्हेमला मात्र पूल धरून ठेवा, दोन दिवसात आपले रणगाडे मदतीला येणार म्हणून सांगितलं होतं, ते काय पोचलेच नाहीत. सातशेच्या आसपास लोक, समोर एसएसचे (हिटलरच्या नाझी पक्षाच्या सैन्याचे) रणगाडे, दारूगोळा संपत आलेला, तरी तीन दिवसाच्या वर पुलाचं उत्तरेचं टोक सोडलं नाही, शेवटी पायाला जखमा होऊन पठ्ठ्या कैद झाला. प्लॅन वरच्यांनी केला, भोगलं यांनी, असं माझं मत.

बाय द वे वरच्या कमेंटमध्ये कोणीतरी आर्न्हेमच्या लढाईत छत्री घेऊन फिरणारा ऑफिसर म्हणजे फ्रॉस्ट असं लिहिलंय, तो नव्हे, तो त्यांच्याच बटालियनचा मेजर टॅथम-वॉर्टर. फ्रॉस्टकडे शिकारीचं बिगुल असायचं.