माझी ट्रॉलीवरची वरात

आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी सध्या मी आहे. फोटोत मी विमानतळावरच्या ट्रॉलीत, स्वतःच्याच सुटकेसवर, पाय लोंबकळत सोडून बसलोय आणि डोक्यावर गोल काळी हॅट घातलेली, दोन वेण्यांची, माझ्या आईच्या वयाची एक बाई ती ट्रॉली ढकलतेय. फोटो बायकोने काढलाय. तीन आठवडे झाले, ग्रुपचा ॲडमिन, म्हणजे माझा मेव्हणा, तो बदलायला तयार नाही.

बोलिव्हियाला आम्ही मिठाचं वाळवंट बघायला गेलो होतो. लिमाहून ला पाझला विमान. लिमा समुद्राकाठी, ला पाझचा विमानतळ ४,०६१ मीटर उंचीवर, आणि मधे दोन तासही नाहीत. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अलिबागला किनाऱ्यावर भेळ खात बसलेल्या माणसाला उचलायचं, अडीच कळसूबाया एकावर एक रचून त्यावर नेऊन ठेवायचं आणि म्हणायचं, चला, आता आपापल्या बॅगा घ्या. डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावर गोळ्या दिल्या होत्या. हिने मुकाट्याने घेतल्या. मी घेतल्या नाहीत. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस गोळ्या घेतो का? (१९९८ साली. पण चढलोय ना!)

पाल चुकचुकली ती चिवड्यामुळे. पिशवीत पुण्याहून आणलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट होतं. विमान वर जाताना अशी पाकिटं फुगतात, हे माहीत होतं. हे उतरताना आणखी फुगायला लागलं. उडत्या विमानात आतली हवा फार तर दोन-अडीच हजार मीटरवर असावी तशी राखलेली असते. इथे जमीनच त्याहून उंच. त्यामुळे विमान खाली येतं आणि आतला माणूस वर जातो. चाकं टेकली तेव्हा पाकीट उशीसारखं टम्म झालं होतं. विरळ हवेत विमानालाही पटकन थांबता येत नाही, म्हणून तिथली धावपट्टी चार किलोमीटर लांब आहे. विमानाची केवढी काळजी!

सामानाच्या पट्ट्यापर्यंत मी ऐटीत गेलो. बॅग आली. वाकलो, हँडल धरलं, अर्धी उचलली आणि सोडून दिली. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, पण भात्यात वारा म्हणून भरत नव्हता. नखांकडे पाहिलं तर निळसर. बॅग माझ्यादेखत पुढे गेली, फेरी मारून आली, पुन्हा गेली. आणि एक सांगा, जगात मी पाहिलेल्या एकाही विमानतळावर या पट्ट्याजवळ बसायला साधा बाक का नसतो? दुकानांसमोर सोफे असतात. जिथे माणूस तासभर ताटकळतो, तिथे खांब!

मी त्या खांबाला टेकलेलो असताना या बाई अवतरल्या. घेरदार परकर, पाठीला पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं गाठोडं आणि त्यातून डोकावणारा टीव्हीच्या खोक्याचा कोपरा. माझी बॅग तिसऱ्यांदा आली तशी त्यांनी ती एका हाताने उचलली. कोथिंबिरीची जुडी उचलावी तशी.

मग त्या हिच्याशी बोलायला लागल्या. हिने सहा महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकून घेतलेलं. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला मीही धापा टाकत म्हणालो, ‘ला पाझ! ब्यूटिफुल कॅपिटल!’

बाईंनी टाळूला जीभ लावून ‘च्’ केलं.

‘अहो, त्या म्हणतायत राजधानी सुक्रे आहे. राज्यघटनेत तसंच आहे म्हणे. सरकार फक्त ला पाझला बसतं.’

‘बरं, मग ला पाझ सुंदर आहे म्हण.’

‘हे ला पाझ नाही म्हणतायत. हे एल आल्तो. वेगळं शहर. ला पाझ तिकडे, खाली खड्ड्यात.’

बाईंनी हनुवटीने खड्ड्याची दिशाही दाखवली. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ‘म्हणजे पुण्याचेच ना?’ विचारलं की जो चेहरा होतो, तो मला पृथ्वीच्या पाठीवर कुठेही ओळखता येतो. एल आल्तो म्हणजे ‘उंचवटा’. गावाने नावातच पाटी लावून ठेवलीय, वाचायची अक्कल नको?

एवढं झाल्यावर त्यांनी माझी खालपासून वरपर्यंत पाहणी केली आणि तीन बोटं वर केली. ‘कोमेर पोकितो.’ थोडं खा. ‘आंदार देस्पासितो.’ हळू चाला. ही भाषांतर करत होती. तिसरं बोट मात्र बाईंनी माझ्याकडे न बघता हिच्याकडे बघत हलवलं. ‘दोर्मिर सोलितो.’

पट्ट्याभोवतीचे सगळे हसले. भाषांतर येईना.

‘काय म्हणाल्या?’

‘एकट्याने झोपा म्हणाल्या.’

पुढे काय बोलायचं ते मला सुचेपर्यंत हिने खाणाखुणा करून त्यांना सांगूनही टाकलं की घोरण्यापायी ते व्रत आम्ही २०११ पासून पाळतोय. बाई इतक्या हसल्या की हॅट सावरावी लागली. त्याच हसण्याच्या भरात त्यांनी मला खांद्याला धरून ट्रॉलीवर बसवलं आणि निघाल्या. मी उतरलो नाही. उतरण्याएवढा श्वास नव्हता.

बाहेर कोका पानांचा चहा मिळाला. साधा चहा मागितला तर कोमट हिरमुसलं पाणी. तिथे पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, त्यात चहा काय डोंबल्याचा उतरणार!

ग्रुपवर त्रेचाळीस जणांनी हसून लोळणारे चेहरे टाकले. पुतण्याने लिहिलं, ‘काका ऑन व्हील्स’. त्या खांबापाशी दीडेक मिनिट मला खरोखर वाटलं होतं की आटोपला कारभार. हे एकानेही विचारलं नाही. हिने विचारलं, पण फोटो काढून झाल्यावर.

सासूबाईंनी तेवढं लिहिलं, ‘त्या बाईंना काही दिलंत की नाही?’

दिलं की. पैसे त्या घेईनात, म्हणून चिवडा दिला. त्यांनी तिथेच टिचकी मारून पाकीट फोडलं, फट्ट आवाजाने मी ट्रॉलीवरून उडालो. बाईंनी तळहातावर चिवडा ओतला, बोटाने चाळवला आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘मानी!’ म्हणजे शेंगदाणे. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच. बोलिव्हियात त्याचं सूप करतात. त्यांनी पाकिटातले शेंगदाणे एकेक करून वेचून घेतले, पदराला बांधावेत तसे कापडाच्या टोकात बांधले आणि उरलेला चिवडा मला परत दिला.