हरकती मागवता, मग त्या दाखवा तरी!

शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की अख्खी सोसायटी कामाला लागते. घरावरून रस्ता जाणार असेल तर का नाही लागणार? पण कायद्याचा मसुदा येतो कधी, त्याची मुदत संपते कधी, कुणाला पत्ताच नसतो.

केंद्राने २०१४ मध्ये ठरवलं होतं, की विधेयक मांडण्याआधी मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं: कायदा कशाला, खर्च किती, लोकांच्या पोटापाण्यावर परिणाम काय. आलेल्या सूचनांचा गोषवाराही संकेतस्थळावर टाकायचा. धोरण चांगलंच आहे. पण ते कायदा नाही, आणि शक्य नसेल तर कारण नोंदवून मोकळं होता येतं. शेती कायदे तर जून २०२० मध्ये थेट अध्यादेश म्हणूनच आले. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

मला जास्त राग येतो तो मसुदा दाखवून दार लावून घेण्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेटा संरक्षणाचा मसुदा आला. सूचना मागवल्या आणि त्याच दमात सांगितलं, की त्या जाहीर करणार नाही! त्याच मसुद्यात माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) ला, म्हणजे जनहितासाठी वैयक्तिक माहितीही देण्याच्या त्यातल्या सोयीला, कात्री होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हाही ती तशीच. विरोध किती झाला, कुणी काय मुद्दे मांडले, सरकारने ते का नाकारले? सरकारी कागदावर वाचायला काही नाही.

भाषेचं तर विचारूच नका. प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी कशी द्यायची हे ठरवणाऱ्या २०२० च्या अधिसूचनेचा मसुदा मराठीसह इतर भाषांत द्या, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. खाणीशेजारच्या गावाने इंग्रजीत हरकत लिहायची होती की काय?

आपल्याकडे महाराष्ट्रात नक्षलवादाला आळा घालायला म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून जास्त सूचना आल्या आणि शब्दरचना बदललीही. पण त्या आल्या विधेयक मांडल्यानंतर, संयुक्त समितीकडे. तोवर ते दोन्ही बाजूंच्या प्रतिष्ठेचं होऊन बसलेलं असतं. मसुद्यावर खाडाखोड करताना कुणाचं नाक कापलं जात नाही. सभागृहात एक शब्द मागे घ्यायचा तर पक्षाची अब्रू जाते.

म्हणून आमदारांना भेटाल तेव्हा एवढंच विचारा: पुढचं विधेयक मांडण्याआधी मसुदा मराठीत महिनाभर मिळणार का, आणि आमच्या हरकतींना लेखी उत्तर देणार का?