मैलागाळाचे खत आणि उन्हाळ्यातला वारा

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या बेदाणा शेडवर यंदाचा शेवटचा माल होता. द्राक्षे डिपिंग ऑइलच्या (मणी लवकर वाळावेत म्हणून वापरतात त्या तेलाच्या) द्रावणातून काढून जाळीवर टाकल्याला चार दिवस झाले होते. मणी नुकते सुरकुतायला लागले होते, पण वरचा चिकटपणा अजून गेलेला नव्हता. दुपारी अडीचच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला आणि शेडनेटमधून आलेली करडी फक्की मण्यांवर बसू लागली. रस्त्याची धूळ असावी असे समजून मी बाहेर आलो, तर बांधापलीकडे शेजारच्या अण्णांच्या रानात वाळलेला मैलागाळ, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्यावर मागे उरणारा गाळ, खत म्हणून पांगवण्याचे काम चालू होते. सहा बाया घमेली भरून नेत होत्या. घमेले उपडे करून झटकले की जड ढेकळे पायाशी पडत आणि उरलेले सगळे धुरासारखे उठून बांध ओलांडून येई. एकीने तोंडाला पदर बांधला होता, बाकीच्यांच्या नाकातोंडावर काहीही नव्हते.

हा गाळ एका शहरातल्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रातून आलेला होता. त्या केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका केंद्राचा नाही. देशात रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि प्रक्रियेची क्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी होती, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२०-२१ची आकडेवारी सांगते. ही क्षमता वाढलीच पाहिजे. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरी नाल्याचे पाणी कृष्णेत मिसळताना वर्षानुवर्षे पाहणाऱ्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. मात्र जितके पाणी शुद्ध होईल तितका गाळ मागे राहील आणि तो कुठेतरी जाईलच. तो शेतात जावा, याच मताचा मी आहे. रासायनिक खतांनी आणि पाण्याच्या अतिवापराने आमच्या जिल्ह्यातली कितीतरी रानं क्षारपड झाली, त्यांना सेंद्रिय कर्ब हवा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने नगरपालिकेचे सोनखत वापरले आणि त्याला सोन्याचे नाव दिले, ते उगाच नव्हे. त्यामुळे ही पोस्ट मैलागाळाच्या विरोधात आहे असे कृपया कोणी समजू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे की या खताचा विचार करताना आपण माती पाहतो, पीक पाहतो, पाणी पाहतो, आणि हवा विसरतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी दिलेला तक्ता काढून पाहा. कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, शिसे १०० च्या आत, रोगजंतू नकोत, ओलावा १५ ते २५ टक्के, असे सगळे त्यात नीट लिहिलेले आहे. पण तो माल वाऱ्यात उधळला जाताना किती अंतरावर घर असावे, काम करणाऱ्याच्या नाकावर काय असावे, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. आमच्या बांधापलीकडच्या मालाला तर तो तक्ताही लागलेला नव्हता. केंद्रातल्या वाफ्यावर वाळवलेला गाळ थेट ट्रॉलीत भरून आला होता, त्याचे कंपोस्ट झालेलेच नव्हते.

वाळला म्हणजे निर्जंतुक झाला, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. अमेरिकेने १९९३ साली मैलागाळाच्या शेतीतील वापराचे नियम केले तेव्हा त्याचे दोन वर्ग पाडले. वरच्या वर्गात एका ग्रॅम कोरड्या गाळात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १,००० पेक्षा कमी असावे लागतात, तर खालच्या वर्गात तीच मर्यादा २० लाखांची आहे. खालच्या वर्गाचा गाळ टाकलेल्या रानात ३० दिवस जनावरे चरायला सोडता येत नाहीत. म्हणजे रीतसर प्रक्रिया केलेल्या गाळातही काय उरू शकते, हे त्या नियमातच मान्य केलेले आहे. त्यात जंताची अंडी असतात, काही विषाणू असतात, आणि ज्या जिवाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत तेही असतात, कारण शहराचा मैला म्हणजे त्या शहरातल्या सगळ्या आजारपणाचा आणि सगळ्या औषधांचा निचरा असतो. ‘आम्ही जन्मभर शेणखत पांगवतोय, काय झालं?’ असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे.

जिवाणू मेले तरी विषय संपत नाही, ही गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा घटक असतो. जिवाणू उन्हाने मरतो, पण हा घटक धुळीत तसाच राहतो आणि श्वासावाटे फुप्फुसात गेला की शरीर त्याच्याशी लढायला उठते. अशी सेंद्रिय धूळ भरपूर नाकात गेल्यावर चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, छाती जड होते, आणि बहुधा दिवस-दोन दिवसांत सारे ओसरते. अण्णांच्या रानातल्या दोघींना त्या रात्री असाच ताप आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. त्याचे कारण गाळच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तशी तपासणी कोणी केली नाही. पण असा ताप ऊन लागले म्हणून अंगावर काढला जातो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात संशोधकांनी गाळ टाकताना हवेचे नमुने घेतले, तेव्हा शेतापासून दूर राहणाऱ्यांचा संसर्गाचा धोका कमी आढळला. जास्त धोका होता तो गाळ भरणाऱ्या आणि हाताळणाऱ्या कामगारांना. याउलट ओहायोत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, गाळ टाकण्याची परवानगी असलेल्या शेतांपासून मैलभराच्या आत राहणाऱ्यांनी श्वसनाच्या आणि इतर काही तक्रारी अधिक प्रमाणात सांगितल्या. निष्कर्ष असे दोन्हीकडचे आहेत. मला त्यातून दिसते ते असे, की तिकडे गाळ यंत्राने भरतात आणि यंत्राने टाकतात. आमच्याकडे ते काम घमेल्याने होते आणि नाक त्या घमेल्यापासून हातभर अंतरावर असते. तिकडच्या अभ्यासात शेजाऱ्याला मिळालेला दिलासा आमच्या मजूर बाईला लागू होत नाही.

अण्णा मला म्हणाले, “सर, वास तर कायबी न्हाई, मग भ्यायचं कशाला?” ते खोटे बोलत नव्हते. ओला गाळ घाण मारतो म्हणून माणूस आपोआप लांब राहतो. पूर्ण वाळलेल्या गाळाचा वास कमी होतो आणि त्याची भुकटी मात्र सहज उडते. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि नाकालाही कळत नाहीत. त्यातून आमचा हंगाम असा, की खत टाकायचे ते ऊस तुटल्यावर, हळद लावण्याआधी, द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या (उन्हाळी छाटणीच्या) तोंडावर, म्हणजे नेमके मार्च ते मे, जेव्हा रान तापलेले असते आणि दुपारी वारा सुटतो. त्याच दिवसांत शेडवर बेदाणा उघडा पडलेला असतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तो खाणारा दर वेळी धुऊन खातोच असे नाही.

यावर करण्यासारखे जे आहे ते अवघड नाही. कंपोस्टच्या ढिगात ५५ अंश तापमान टिकवून, ढीग वरचेवर उलटून, मगच माल केंद्राबाहेर सोडता येतो. वाईत मैलागाळ भाजून त्याचा कोळसा करण्याचे केंद्र उभे राहिले, ते आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात. शेतावर आल्यानंतर पाण्याचा एक फवारा, सकाळच्या शांत वेळेत काम, पांगवल्याबरोबर रोटर मारून मातीआड करणे, आणि प्रत्येक मजुराला एन-९५ मास्क, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. कोविडच्या काळात हेच मास्क आपण घरोघरी वापरले. ट्रॉलीबरोबर फक्त वजनाची पावती येते. ओलावा किती, कंपोस्ट झाले का, हाताळायचे कसे, हे सांगणारा कागदही त्या पावतीला जोडला गेला पाहिजे आणि तो जोडण्याची जबाबदारी गाळ देणाऱ्याची असली पाहिजे. ग्रामसभेत मी ही मागणी लेखी दिली आहे.

त्या दिवशी जाळीच्या खालच्या दोन थरांतला माल मी वेगळा काढला आणि विकला नाही. अण्णांशी भांडण झाले नाही. संध्याकाळी ते स्वतः शेडवर येऊन मण्यांवर बोट फिरवून गेले. त्यांच्या तीन ट्रॉल्यांचा ढीग अजून बांधाला ताडपत्रीखाली आहे. वळिवाने रान भिजले की एका सकाळी तो टाकायचा आणि मागोमाग माझा ट्रॅक्टर रोटर घेऊन चालवायचा, असे आमचे ठरले आहे. सहा मास्क मी मिरजेहून आणून ठेवले आहेत.