भिडेच्या भांडवलावर

मागच्या रविवारी कराडहून मामेबहिणीचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, इकडे टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये सकाळचे अकरा. मुलं नुकतीच झोपली होती म्हणून हळू बोलत होती. "ताई, तू तिकडं करत होतीस ना ते कॉस्मेटिक्सचं? मला एकजण कन्सल्टंट हो म्हणून मागं लागलीय. करू का?"

तासभर बोललो तरी सगळं सांगून झालं नाही. कन्सल्टंट म्हणजे कंपनीचा माल स्वतः घेऊन ओळखीपाळखीत विकणारी, आणि आपल्याखाली आणखी बायका जोडून त्यावरही कमिशन मिळवणारी. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून इथे लिहितेय.

तिच्या घरात पंधरा दिवस यावरून वाद चालू आहे. मामा म्हणतात, आपल्या घरची मुलगी लोकांच्या दारोदार लिपस्टिक विकत फिरणार का? सासूबाई उलट तिच्या बाजूने आहेत. घर सांभाळून चार पैसे मिळत असतील तर वाईट काय, असं त्यांचं म्हणणं. नवरा 'तुझं तू ठरव' म्हणून मोकळा झालाय. फॅमिली ग्रुपवर एका चुलतभावाने एप्रिल २०२२ मधली बातमी टाकली, ईडीने अशाच पद्धतीने माल विकणाऱ्या ॲमवे इंडियाच्या ७५७.७७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली तेव्हाची. त्यावर दुसऱ्याने लगेच लिहिलं की ही कंपनी वेगळी आहे, आणि घरी साड्या विकणाऱ्या बायकांना कोणी काही म्हणत नाही, मग हिलाच का?

इतक्या लांबून हे सगळं वाचताना एक गोष्ट मला खटकली. वाद बाईवर चाललाय. तिने बाहेर पडावं का, तिला शोभेल का, जमेल का. हिशेबाची वही मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणीच उघडलेली नाही.

मामांचा मुद्दा मला मुळातच मान्य नाही. दारावर जाऊन माल विकण्यात कसली आलीय लाज? आमच्या लहानपणी कासारीण घरी येऊन बांगड्या भरायची, बोहारीण जुन्या साड्यांवर पातेली द्यायची, आणि त्यांची वाट बघितली जायची. अमेरिकेतही या धंद्याची सुरुवात खऱ्या गरजेतून झाली. डेव्हिड मॅककॉनेल नावाचा माणूस दारोदार पुस्तकं विकायचा आणि सोबत अत्तराचे नमुने द्यायचा. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तर आवडतंय हे बघून त्याने १८८६ मध्ये अत्तराची कंपनी काढली. तीच पुढे एव्हॉन झाली. दुकान मैलोन्‌मैल लांब होतं, आणि विकणाऱ्या बाईला दुसरी नोकरी कोणी देत नव्हतं. १९६३ मध्ये आमच्या इथल्याच डॅलसमध्ये मेरी के ॲश यांनी साठवलेले ५,००० डॉलर घालून स्वतःची कंपनी काढली. आधीच्या नोकरीत त्यांनी शिकवलेले पुरुष त्यांच्या पुढे गेले, याचा संताप त्यामागे होता. तो संताप मला कळतो. आज मात्र इथे दर मॉलमध्ये सेफोरासारखं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान आहे, आणि कराडलाही नायकाचं पार्सल घरपोच येतं. माल पोचवण्यासाठी त्या बाईची आता गरज उरलेली नाही. मग तिची गरज नक्की कशासाठी आहे, हा खरा प्रश्न आहे.

मी हे काम ऑगस्ट २०१७ ते जुलै २०१८ असे अकरा महिने केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. २०१३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टेक्सासला आलो. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर तीन वर्षं घरात होते, कारण त्यावर वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येत नाही. पुण्यात सहा वर्षं अकाउंट्समध्ये काम केलेली मी, इथे फक्त अमक्याची बायको आणि तमक्याची आई झाले होते. कामाचा परवाना मिळाला तरी हातात काही नव्हतं. अशात लायब्ररीतल्या गोष्टींच्या तासाला एका बाईंनी विचारलं, "मराठी का तुम्ही?" परक्या गावात हे शब्द कानावर पडले की माणूस विरघळतो. दुसऱ्या आठवड्यात मी एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांच्या मीटिंगला बसले होते. महिन्याभराने त्याच हॉलमध्ये स्टेजवरून माझं नाव घेतलं, नवऱ्याचं आडनाव न लावता, आणि पन्नास-साठ बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. जी बाई या कामाकडे ओढली जाते ती आधी पैशांसाठी जात नाही, याचसाठी जाते, आणि हे समजून न घेता तिला 'फसलीस' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

काम मी मनापासून शिकले. गिऱ्हाइकाच्या एका हाताच्या मागच्या बाजूला क्लीन्झर आणि क्रीम लावायचं, दुसरा हात तसाच ठेवायचा, मग दोन्ही हात खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायला सांगायचे. फाउंडेशनचा रंग मनगटावर बघायचा नाही, जबड्याच्या कडेला बघायचा, तोही दिवसाउजेडी. किटमधल्या छटा आपल्या रंगाच्या अलीकडेच संपायच्या, म्हणून मी छोट्या चमच्याने दोन छटा कालवून देत असे. या निमित्ताने हायवेवर गाडी चालवायला लागले, अनोळखी बाईशी इंग्रजीत बोलायची धास्ती गेली. हे सगळं आजही माझ्याजवळ आहे.

आता वही. अकरा महिन्यांत माल घेतला १,४५० डॉलरचा. किट ११०, नमुने आणि पिशव्या १६५, आठवड्याच्या मीटिंगांची फी २८०, एका संमेलनाचं तिकीट आणि हॉटेल ३४०. एकूण २,३४५. विक्रीतून हातात आले १,४००, कारण ओळखीच्यांकडून पूर्ण किंमत घ्यायला जीभ रेटत नसे. उरलेल्यातला परत करण्याजोगा माल कंपनीने नव्वद टक्के दराने घेतला, त्याचे ३६० मिळाले. म्हणजे ५८५ डॉलर पदरचे गेले. पेट्रोल आणि वेळ यात धरलेलाच नाही.

पण मला जास्त छळतो तो वहीतला दुसरा आकडा. एकूण गिऱ्हाइकं ३१, त्यातल्या अनोळखी फक्त चार. ओळखीच्या २७ जणींपैकी १९ जणींनी दुसऱ्यांदा काहीच मागवलं नाही.

जानेवारी २०१८ ला घरी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. तिळगुळाच्या ताटाशेजारी कॅटलॉग ठेवला, वाणात क्रीमच्या छोट्या पुड्या दिल्या. मला या कामात आणणाऱ्या, म्हणजे माझ्या वरच्या ताईंनीच हे सुचवलं होतं, आणि मला ते कल्पक वाटलं होतं. त्या दिवशी आठ जणींनी ऑर्डर दिली. एका मैत्रिणीने ६८ डॉलरचं सीरम घेतलं. मे महिन्यात तिच्या घरी माझ्या मुलाचं ढोपर फुटलं, तेव्हा तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की बाथरूमच्या ड्रॉवरमध्ये पट्टी आहे. ड्रॉवर उघडला तर पट्टीच्या शेजारी ते सीरम. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. जानेवारीत तिच्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी ऑर्डर लिहून घेतली होती. ती नाही म्हणू शकली नाही, कारण माझ्या घरी कुंकू लावून, ओटी घेऊन बसली होती.

आपल्याकडे म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. या धंद्याचं भांडवल म्हणजे ही भीड. माल निमित्त आहे. दुकानात जी किंमत बघून बाई पुढे गेली असती, ती किंमत ती तुमच्या तोंडाकडे बघून देते. कंपनीला तुमची गरज नेमकी इथे लागते. आणि एकेकीची भीड दोनदा वापरता येत नाही, म्हणून विक्री आटली की 'टीम बनवा' सुरू होतं. मग तुम्ही क्रीम विकत नाही, कन्सल्टंट होण्याचं स्वप्न विकायला लागता, आणि पुढची बाई तिच्या ओळखी घेऊन येते.

परदेशात माझ्यासारखीच्या ओळखीच मोजक्या. आजारपणात डबा देणारी, विमानतळावर सोडणारी, मुलाला शाळेतून आणणारी अशी दहा-बारा घरं असतात. त्यांनी फोन उचलणं कमी केलं की माणूस खरोखर एकटा पडतो. कराडला बहिणीचा गोतावळा दोनशे घरांचा आहे. तिथल्या वरच्या बाईला हेच मोठं भांडवल दिसतंय. पण तिथे ही माणसं फक्त ओळखीची नाहीत. जाऊ आहे, नणंदेची सासू आहे, मुलाच्या वर्गशिक्षिका आहेत. इथे मी चुकले तर मंडळाच्या गणपतीला एक वर्ष गेले नाही आणि विषय मिटला. तिथे तिला जन्मभर त्याच उंबऱ्यांवर जायचंय.

आकडेही बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले कमाईचे तक्ते तपासले. सामील झालेल्या बहुतेकांची कमाई वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरसुद्धा नाही. निदान १७ कंपन्यांत बहुतेकांना एक पैसाही मिळाला नव्हता. आणि या तक्त्यांत बहुधा खर्च वजा केलेलाच नसतो. माझ्या ३४० डॉलरच्या संमेलनाचा हिशेब अशा तक्त्यात दिसत नाही.

इथे राहणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. "हा जॉब नाही, आपला बिझनेस आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्नच नाही" असं मला सांगितलं गेलं होतं, आणि परवाना नसलेल्या माझ्या शेजारणीलाही. हे साफ चूक आहे. स्वतःचा धंदा हेही कामच. ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला आहे अशांना २०१५ च्या नियमाने एच-४ वर कामाचा परवाना मागता येतो. तो हातात नसताना कमिशन घेणं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या ग्रीन कार्डाशी खेळ. परवाना असला तरी वर्षाचा नफा ४०० डॉलरच्या पुढे गेला की १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर वेगळा भरावा लागतो. मीटिंगमध्ये हे कोणी सांगत नाही.

भारतात आता नियम बरे आहेत. २८ डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार कंपनीला नोंदणी फी घेता येत नाही, पिरॅमिड योजना चालवता येत नाही, आणि विकणाऱ्याने आधी विचारून, ओळखपत्र घेऊनच कुणाच्या घरी जायचं असतं. माणसं जोडण्यावर पैसे फिरवणाऱ्या योजनांवर तर १९७८ पासूनच बंदी आहे. पण भीड कुठल्याच नियमात बसत नाही. फी नाही घेतली, तरी 'सुरुवातीला पंधरा हजारांचा माल घे म्हणजे लेव्हल मिळेल' हे वाक्य राहतंच. बहिणीलाही ते सांगून झालंय.

मग बाईने कमवू नये का? कमवावंच. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथे लाटणारीला आधी पापड विकत घ्यावे लागले नाहीत, आणि नणंदेला लाटायला बसवलं म्हणून कमिशन मिळालं नाही. लाटले त्याचे पैसे. इथे माझी एक मैत्रीण दिवाळीच्या फराळाचे डबे करते. टेक्सासमध्ये घरी केलेले काही पदार्थ विकायला २०११ पासून कायद्याने मुभा आहे. तिची चकली दरवर्षी माझ्या ओळखीबाहेरचे गुजराती, तमिळ लोक आगाऊ पैसे भरून मागवतात. अनोळखी माणूस पूर्ण किंमत देऊन दुसऱ्यांदा येतो, तेव्हा मला त्याला धंदा म्हणावंसं वाटतं. सौंदर्यप्रसाधनं विकून असं करणाऱ्याही बायका आहेत. त्यांचा माल खरंच खपतो, त्यांनी कोणाला जोडलं नाही तरी खपतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

बहिणीला मी 'नको' असं म्हटलं नाही. तिने बारावीनंतर पार्लरचा कोर्स केलेला आहे, हात चांगला आहे, आणि लग्नानंतर दहा वर्षांत पहिल्यांदा ती काहीतरी स्वतःचं मागते आहे. त्या बाईंनी तिला शंभर नावांची यादी करायला सांगितली होती. ती केलेली होती. मी म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी त्या यादीतून तुला तोंडावर नाही म्हणायला जिला जड जाईल तिचं नाव काट.

बुधवारी तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. निळ्या पेनाने लिहिलेली नावं, त्यांवर लाल रेघा. सासूबाईंच्या भिशीतल्या सगळ्या गेल्या, माहेरची सगळी गेली, शाळेतल्या बाई गेल्या. सहा नावं उरली. त्यातलं एक बसस्टँडजवळच्या पार्लरवालीचं आहे, जिच्याकडे लग्नसराईत नवऱ्या सजवायला हात कमी पडतात. शनिवारी तिच्याकडे जाऊन येणार आहे, असं खाली लिहिलं होतं, आणि विचारलं होतं की दिवसाला किती मागू.