तीन आठवड्यांपूर्वी तूच वाचून दाखवला होतास ना नियम?

रात्री दीड वाजता आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फाशांवर चालणाऱ्या रोलप्लेइंग खेळाच्या) ग्रुपमधल्या एका प्लेयरचा मेसेज आलाय; मी तिथली डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, शत्रूंच्या वतीने खेळणारी. जुन्या नियमपुस्तकातल्या पानाचा फोटो, सरप्राइझच्या (बेसावध शत्रूवर हल्ल्याच्या) परिच्छेदाखाली लाल रेघ आणि खाली एकच ओळ, "वाचून बघ एकदा." अरे वाचलंय मी! 2014 चं वाचलंय, 2024 चं पण वाचलंय, आणि ह्या टेबलावर 2024 चं चालणार हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तूही मान डोलावली होतीस, तेव्हा कुठे होतं हे पान?

झालं काय, तर पार्टीने, म्हणजे प्लेयरांच्या टोळीने, गॉब्लिनांच्या तळावर दबा धरला. काम एकदम फक्कड केलं, सगळ्यांचे स्टेल्थ (लपण्याचे) रोल चांगले पडले, गॉब्लिन बेसावध सापडले. मी म्हटलं, मस्त, गॉब्लिनांना इनिशिएटिव्हला, म्हणजे टर्नचा क्रम ठरवणाऱ्या रोलला, डिसअॅडव्हांटेज: दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. झालं, साहेब उसळले. म्हणे बेसावध शत्रूला पहिली टर्न मिळतच नाही. हो, जुन्या पुस्तकात तसंच होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी गॉब्लिनांनी ह्यांच्यावर झडप घातली आणि मी सवयीने बोलून गेले की तुमची पहिली टर्न गेली, तेव्हा ह्याच माणसाने नवं पुस्तक उघडून बोट ठेवून वाचून दाखवलं होतं की टर्न जात नाही, फक्त इनिशिएटिव्हला डिसअॅडव्हांटेज. मी ऐकलं, कारण तो बरोबर होता आणि मी चुकले होते, तिथल्या तिथे सुधारलं. आज तोच नियम, तोच शब्द, फक्त बाजू बदलली, तर म्हणे मी अन्याय करतेय!

मी सांगितलं, आजचा निर्णय हा, सेशन संपल्यावर बसू आणि हवं तेवढं बोलू. नाही. मोबाइल निघाला, कुठला तरी व्हिडिओ निघाला, मग "लॉजिकली विचार कर ना" सुरू झालं, मग "आधीच्या ग्रुपमध्ये आम्ही असंच खेळायचो". पस्तीस मिनिटं. घड्याळ बघून सांगतेय.

आणि ह्या पस्तीस मिनिटांत समोर कोण बसलं होतं माहितीये? आमची नवीन मुलगी, जिचं हे तिसरंच सेशन. तिचा इनिशिएटिव्ह सगळ्यांत वर आला होता, फाशावर 17 पडला तेव्हा खुर्चीतून अर्धी उठलीच ती. आठवडाभर स्लीप स्पेल (झोपवणारा मंत्र) कुठे कसा टाकायचा ह्याचा विचार करून आली होती, वहीच्या कागदावर गॉब्लिन कुठे उभे असतील, वर्तुळ कुठे पडेल असं चित्र काढून आणलं होतं. तो कागद आधी तिच्या हातात होता, मग टेबलावर, मग त्यावर कुणाचा तरी मोबाइल येऊन पडला. शेवटी मी "चल, तुझी टर्न" म्हटलं तर ती म्हणाली, "मी नॉर्मल अटॅकच करते, उशीर झालाय." आणि कागदाची घडी घालून बॅगेत टाकला. मला त्या क्षणी टेबल उलटं करावंसं वाटलं.

पण कुणालाच ते दिसत नाही. वाद घालणाऱ्याला वाटतं भांडण माझं आणि डीएमचं आहे. अरे टेबलावर आणखी तिघं आहेत! तुझ्या त्या लॉजिकचा वेळ त्यांच्या टर्नमधून जातो.

वर मला विचारतो, तू गॉब्लिनांच्या बाजूची आहेस का. हो आहे! गॉब्लिनांची बाजू दुसरं कोण बघणार? नियम त्यांनाही तोच लागायला हवा, नाहीतर फासे टाकायचेच कशाला. आज तुझ्यासाठी अख्खी टर्न खाऊ दिली की पुढच्या वेळी सहा गॉब्लिन अंधारातून येऊन तुमची टर्न खातील, लेव्हल दोनची पार्टी, मग पहिला कोण ओरडेल ते मला ठाऊक आहे.

आणि पोशन? पोशन (जखमा भरणारं औषध) मात्र नव्या पुस्तकाप्रमाणे बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे मुख्य अॅक्शन न घालवता, प्यायचं असतं ह्याला. तिथे 2014 आठवत नाही. स्किल चेकवर 20 पडला की "ऑटोमॅटिक सक्सेस", अरे ते अटॅक रोलला असतं, शंभरदा सांगून झालंय. आणि ते गावकऱ्यांच्या रांगेचं प्रकरण! शेकडो माणसं उभी करायची, प्रत्येकाने रेडी अॅक्शन (ठरलेल्या क्षणासाठी राखून ठेवलेली कृती) घेऊन भाला पुढे द्यायचा, राउंड सहा सेकंदांचा म्हणून भाल्याचा वेग काढायचा आणि मला म्हणायचं डॅमेज सांग. डीएमसाठीच्या नव्या पुस्तकात स्पष्ट छापलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नाही. ते पान बरं कधी फोटो काढून पाठवलं नाही.

मी इतकी का चिडते, तर मी त्या खुर्चीत बसलेय. पूर्वी प्लेयर असताना आमचा डीएम "मी म्हणेन तो नियम" वाला होता. माझं कॅरेक्टर तीन हिट पॉइंटवर, म्हणजे मरायला टेकलेलं, पोशन प्यायले तर म्हणाला अॅक्शन गेली. तेव्हा नियम तोच होता, मी गप्प बसले. पुढच्याच टर्नला त्याच्या जिगरी दोस्ताने पोशनही प्यायलं आणि तलवारही चालवली, आणि डीएम म्हणतो, "चालतंय रे, एवढं काय." मी दोन महिन्यांत तो ग्रुप सोडला. म्हणून मी वहीत प्रत्येक निर्णय लिहून ठेवते, तारखेसकट, कुणाच्या बाजूने गेला तेही. चुकला तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर सांगते आणि बदलते. गेल्या वर्षी एकदा फक्त कटकट नको म्हणून जोरात बोलणाऱ्याला हो म्हटलं होतं, आणि त्यानंतर महिनाभर प्रत्येक जण जोरातच बोलायला लागला. ते मी पुन्हा करणार नाही.

तर त्याच्या फोटोला मी अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळी वहीतल्या त्या तीन आठवड्यांपूर्वीच्या पानाचा फोटो पाठवेन, त्याच्याच शब्दांत लिहिलंय सगळं. आत्ता आधी तिला मेसेज केलाय, तो कागद फेकू नकोस, तळावरचे अर्धे गॉब्लिन अजून जिवंत आहेत, शनिवारी पहिली टर्न तुझी.